स्वीडिश शिकायला मुलांची पुस्तकं? हो, पण कुठली ते बघून

ताई, नवऱ्याच्या बदलीमुळे पुण्याहून स्वीडनमधल्या गोथेनबर्गला जायचंय, हाताशी काही महिने आहेत, मुलगी चार वर्षांची आहे आणि ॲपवर जुजबी स्वीडिश झालंय. पुढचं मुलांची पुस्तकं वाचून जमेल का, असं तुम्ही विचारलंय. जमेल. माझं बरंचसं स्वीडिश तसंच झालं. पण इथले बहुतेक नवे लोक चुकीच्या पुस्तकापासून सुरुवात करतात आणि महिन्याभरात कंटाळून सोडतात.

लहान मुलांचं म्हणजे सोपं, हे आधी डोक्यातून काढा. चित्रांची पुस्तकं मोठ्यांनी मुलांना वाचून दाखवायची असतात. वाचणारा मोठा माणूस असल्यामुळे लेखक हात आखडता घेत नाही. स्वेन नूर्दक्विस्तची पेट्सॉन आणि फिंदुसची पुस्तकंच घ्या. एक एकटा म्हातारा आणि त्याचं बोलकं मांजर. चित्रं अशी देखणी की सगळे आधी तेच उचलतात. त्यातलं पॅनकेकच्या केकचं पुस्तक 1984 सालचं. केक करायचा तर पीठ संपलेलं, पीठ आणायला जावं तर सायकल पंक्चर, हत्यारांच्या खोलीला कुलूप, किल्ली विहिरीत, किल्ली काढायला गळ हवा तर तो माळ्यावर, आणि शिडीपाशी बैल झोपलेला! गोष्ट फर्मास आहे. पण तुम्हाला अजून ‘दूध कुठे मिळेल’ विचारता येत नाही आणि तुम्ही गळ, माळा, बैल पाठ करताय. एमिल नावाच्या मुलाच्या पुस्तकाचंही तेच. आस्त्रिद लिंडग्रेनचं हे पुस्तक 1963 मधलं, जुन्या काळच्या स्मोलांड प्रांतातल्या शेतावरचं. त्यात एमिल टोपीला सरळ ‘मॉस्सा’ म्हणत नाही, गावाकडच्या बोलीत ‘म्यस्से’ म्हणतो. ही पुस्तकं दुसऱ्या वर्षासाठी ठेवा, तेव्हा खरी मजा येईल.

सुरुवात बार्ब्रो लिंडग्रेन आणि एवा एरिकसन यांच्या माक्सच्या पुस्तकांनी करा. एका पानावर एखाद-दुसरी ओळ आणि शेजारी चित्र, डिक्शनरीची गरजच नाही. एकाचं नाव ‘माक्स काका’ आहे; दचकू नका, काका म्हणजे बिस्किट.

मग गुनिला बेर्यस्ट्रमचा आल्फोन्स ओबेर्य. माझं मत विचाराल तर शिकणाऱ्यासाठी याच्यासारखं दुसरं पुस्तक नाही, कारण यात राजे-राक्षस नाहीत. फ्लॅटमध्ये राहणारा मुलगा आणि त्याचा बाबा आहे. 1975 च्या एका पुस्तकात बाबा सकाळी घाई करतोय आणि आल्फोन्स दर वेळी म्हणतो, ‘याग स्का बारा...’, म्हणजे ‘मी फक्त एवढं...’. शेवटी पोरगं तयार होतं, तर बाबाच पेपरात डोकं घालून बसलेला! हे तीन शब्द तुम्हाला ऑफिसात, बसस्टॉपवर, पाळणाघराच्या दारात रोज ऐकू येतील. आता त्यांच्या आधी ‘फॉर्श्ट’, म्हणजे ‘आधी’, लावून बघा: ‘फॉर्श्ट स्का याग बारा’. ‘याग’ म्हणजे ‘मी’ मागे गेला आणि ‘स्का’ हे क्रियापद दुसऱ्या जागेवर कायम राहिलं. स्वीडिश वाक्यरचनेचा हा कणा आहे. क्रियापद शेवटी ठेवायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना तो नियम पाठ करून बसत नाही, एकच वाक्य पन्नास वेळा वाचून बसतो. भूतकाळाचंही तसंच. गोर-यिक (जातो-गेला), सेर-सोग (बघतो-बघितलं), फोर-फिक (मिळतं-मिळालं) हे वाकडे भूतकाळ कोर्समध्ये उशिरा येतात, गोष्टीत मात्र पहिल्या पानापासून असतात.

नुसतं डोळ्यांनी वाचू नका. स्वीडिशमध्ये सात, तारा, शर्ट आणि चॉकलेट हे चारही शब्द एकाच आवाजाने सुरू होतात, दिवा फुंकून विझवल्यासारख्या, आणि चौघांचं स्पेलिंग वेगळं. वाचून अंदाज बांधाल तर चुकीचा उच्चार पक्का होईल आणि मग तो सुटत नाही. स्वेरियेस राडिओ या सार्वजनिक रेडिओच्या ॲपवर मुलांसाठीच्या गोष्टी फुकट आहेत. पुण्यात असतानाच त्या लावा, कळलं नाही तरी चालेल. अर्थासाठी लेक्सिन ही बाहेरून येणाऱ्यांसाठीची डिक्शनरी आहे. तिथे मराठी नाही, इंग्रजीवरून काम भागवायचं.

इथे आलात की पुस्तकं विकत घेऊ नका. लायब्ररीचं कार्ड फुकट असतं. बऱ्याच लायब्ररींत मुलांच्या कथा-कादंबऱ्यांवर एचसीएफ किंवा एचसीजी अशी चिठ्ठी असते: पहिली साधारण नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, दुसरी नऊ ते बारा. तुम्ही एचसीएफमधल्या धड्याधड्यांच्या पुस्तकांकडे जा, तिथे लासे-मायाची डिटेक्टिव्ह एजन्सी सापडेल. मार्टिन विडमार्कचा मजकूर, हेलेना विलिसची चित्रं, पहिलं पुस्तक 2002 चं. ही मुलांनी स्वतः वाचायची पुस्तकं, म्हणून अक्षर मोठं, वाक्यं आखूड, सुरुवातीलाच गावाचा नकाशा आणि पात्रांची ओळख. चोर कोण हे कळायला हवं म्हणून पान उलटलं जातं. मोठ्या माणसाला टिकवून ठेवायला तेवढं पुरतं.

या पुस्तकांतून घरभाड्याचा करार किंवा डॉक्टरकडची भाषा मिळणार नाही. त्यासाठी एसएफआय हा बाहेरून आलेल्यांना स्वीडिश शिकवणारा सरकारी कोर्स आहे, फुकट, पण पेर्सोनन्युम्मेर म्हणजे इथला ओळख क्रमांक मिळाल्यावरच. म्हणून पोचल्यावर पहिलं काम ते. सोप्या स्वीडिशमधल्या बातम्यांसाठी ‘ओत्ता सीदोर’ हे वर्तमानपत्र वाचा. लायब्ररीत स्प्रोककाफे म्हणजे भाषेच्या सरावाचा अड्डा भरतो, तिथे अडखळत बोलायला जा, कोणी हसत नाही.

मुलीची काळजी करू नका. बालवाडीत ती वर्षभरात तुमच्या पुढे जाईल आणि तुमचे उच्चार सुधारेल. घरी मात्र तिच्याशी मराठीच बोला. शाळेत मातृभाषेचा तासही मिळू शकतो, त्यासाठी गावात ती भाषा मागणारी किमान पाच मुलं आणि एक शिक्षक हवा. बॅगेत जागा उरली तर लोणच्याची एक बरणी कमी करून मराठी चित्रांची पुस्तकं भरा. स्वीडिश पुस्तकं इथे लायब्ररीत फुकट आहेत, मराठी नाहीत.