गणितज्ञ द. रा. कापरेकर कोण होते? ६१७४ या संख्येचं एवढं काय विशेष?

कापरेकर (१९०५–१९८६) मूळचे डहाणूचे. फर्ग्युसनमध्ये शिकले आणि १९६२ पर्यंत देवळालीला शाळेत मास्तरकी केली. विद्यापीठाचं पाठबळ नाही, तरी संशोधन कधी थांबवलं नाही.

६१७४ चं म्हणाल तर स्वतःच करून बघा. समजा ३५२४ घेतली. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा: ५४३२ − २३४५ = ३०८७. मग ८७३० − ०३७८ = ८३५२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च! चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे पोचते.

१९७५ मध्ये अमेरिकी गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात लिहिल्यावर कापरेकरांचं नाव जगभर झालं. फार उशीर झाला, याची मला हळहळ वाटते.