दोन वर्षांच्या फोनची बॅटरी दुपारी दोनलाच संपते. बॅटरी सेव्हर ॲप टाकू की नवीन फोन घेऊ?

ॲपचा नाद सोडा, बॅटरी बदला. पण तुम्ही लिहिलंय की घरचे म्हणतात, "सारखा बघतोस म्हणून संपते." हे वाक्य मी दीड वर्ष ऐकलंय, म्हणून एवढं लिहायला बसले.

मी वर्तकनगरला राहते, नोकरी रबाळ्याला. लोकलचा पास मोबाइलमध्येच. आमचे धाकटे भावजी घरात मोबाइलमधले जाणकार. त्यांचा नियम असा, की बॅटरी पार उतरल्याशिवाय चार्जरला लावायची नाही आणि लावली की शंभर करूनच काढायची. मी तो इमानाने पाळला. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ठाण्याला उतरले तेव्हा फोनवर २७ टक्के होते. ऑफिसात टेबलाजवळचा प्लग दिवसभर मोकळा होता, पण नियम म्हणून लावला नव्हता. पुलावर टीसी बाईंनी पास मागितला. ॲप उघडलं, स्क्रीन उजळली आणि फोन बंद. २७ टक्क्यांवर! बटण दाबून दाबून बोट दुखलं, काही नाही. छत्रीचं पाणी पायावर गळतंय, अख्खी गाडी बाजूने उतरून जातेय आणि मी कठड्याला उभी. त्या बाई थांबल्या बिचाऱ्या. पण पास दाखवता आला नाही तर विनातिकीटच धरतात, त्यांची चूक नव्हती. २५० रुपये दंड, वर भाडं. पैशांचं सोडा, पावतीवरचं ते 'विनातिकीट' मला फार लागलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत एकदाही तशी चढले नाही.

भावजींना सांगितलं तर म्हणाले, "वहिनी, रील्स कमी बघा."

मी महिनाभर सेटिंगमधला बॅटरीचा वापर रोज वहीत उतरवला. सगळ्यात वर मोबाइल नेटवर्क. माझ्या दुसऱ्या सिमला ऑफिसात धड रेंज नाही, फोन दिवसभर टॉवर शोधत बसायचा. रील्स कुठेच नाहीत.

आणि तो शून्य-शंभरचा नियम जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा आहे. लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली, आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये त्याच प्रकारची असते. तिला पार उतरणं सोसत नाही, रात्रभर शंभरवर राहणं सोसत नाही आणि उष्णता तर अजिबात नाही. आमचा चार्जर ओट्यावरच्या प्लगला, शेगडीपासून हातभर! झिजलेल्या बॅटरीचा आतला रोध वाढतो. एकदम जोर लागला की व्होल्टेज खाली बसतं आणि टक्के शिल्लक दिसत असतानाच फोन बंद होतो. २०१७ मध्ये ॲपलने कबूल केलं की जुन्या आयफोनचा वेग ते कमी करतात, तोही फोन असा अचानक बंद पडू नये म्हणूनच. एवढी मोठी कंपनी बॅटरी झिजते म्हणते आणि आमच्याकडे दोष बाईच्या बोटांना. हे मी भावजींना वहीसकट दाखवलं. ते अजूनही शून्यावरच अडून आहेत.

मी कंपनीच्या सेंटरमधून बॅटरी बदलली, १,९०० रुपये गेले. दुसरं सिम ऑफिसात बंद ठेवते, चार्जर बेडरूममध्ये नेला, ऐंशीच्या आसपास काढते. रात्री घरी येते तेव्हा चाळीसेक टक्के उरलेले असतात. तुमच्या घरच्यांनाही तो बॅटरी वापराचा पडदा उघडून दाखवाच.

नवीन फोनचं म्हणाल तर कंपनीचे सुरक्षा अपडेट बंद झाले असतील तर घ्या, नाहीतर नको. बॅटरी बदलायला देण्याआधी फोटोंचा बॅकअप घ्या. उघडलेल्या फोनचं पाण्यापासूनचं संरक्षण पूर्वीसारखं राहीलच असं नाही, ते विचारून घ्या. आणि फोनची पाठ जराही फुगली असेल तर माझं हे सगळं बाजूला ठेवा. चार्ज करू नका, दाबून बसवू नका, आजच बंद करून सेंटरला द्या.