टक्कल आहे आणि दिवसभर उन्हात फिरतो, डोक्याला सनस्क्रीन लावावं का? आपल्याला स्किन कॅन्सर होतो का?

तुम्ही लिहिलंय की वय ३४, पूर्ण टक्कल, मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह असल्यामुळे दिवसभर बाइकवर, आई म्हणते खोबरेल तेल चोळ, मित्र म्हणतात सावळ्या माणसाला स्किन कॅन्सर होत नाही, आणि वरून ही भीती की सनस्क्रीन लावलं तर कडेला उरलेले चार केस पण जातील. मी डॉक्टर नाही पण या विषयात माझा अनुभव दांडगा आहे. २९व्या वर्षापासून टकला, मूळचा सांगलीचा, आणि गेली १४ वर्षं ब्रिस्बेनला राहतोय. इथले आरोग्यवाले सांगतात की सत्तरीपर्यंत ऑस्ट्रेलियात तिघांपैकी दोघांना कुठला ना कुठला स्किन कॅन्सर होतोच, त्यामुळे इथे हा विषय आपल्याकडच्या डायबिटीससारखा घरोघरी निघतो.

तुमचे मित्र अर्धे बरोबर आहेत. आपल्या कातडीत मेलॅनिन (रंग देणारं द्रव्य) जास्त, त्यामुळे उन्हाने होणारा कॅन्सर आपल्यात गोऱ्यांच्या मानाने खूपच कमी. पण कमी म्हणजे शून्य नाही, आणि कपाळाच्या वर केसांचं छप्परच नसेल तर तिथे ऊन थेट पडतं, वर्षानुवर्षं, सगळ्यात उभं. शिवाय आपल्यात तो झाला तरी लवकर कळत नाही, कारण आपल्याला होतच नाही असं सगळेच धरून बसलेले असतात, कधीकधी डॉक्टरसुद्धा. आता थोडं विषय सोडून, पण मला हे वाचून गंमत वाटली होती म्हणून सांगतो: १९४५ साली मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉ. खानोलकरांनी धोतर कमरेला घट्ट आवळून नेसणाऱ्यांच्या कमरेवर होणाऱ्या कॅन्सरबद्दल लिहून ठेवलंय, आणि काश्मीरमध्ये कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) पोटाशी धरून बसणाऱ्यांना पोटा-मांडीवर होतो तो वेगळाच. म्हणजे आपल्या कातडीला कॅन्सर वर्ज्य आहे असं काही नाही, फक्त आपल्याकडे त्याची कारणं बऱ्याचदा ऊन सोडून दुसरी असतात. आणि ज्यांना कोड आहे, किंवा किडनी बसवल्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी तर आपण सावळे आहोत या भरवशावर अजिबात राहू नये.

आता माझा गाढवपणा. इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी मला सायकलचं खूळ लागलं. जानेवारीचा महिना (इथे तेव्हा उन्हाळा), हवा ढगाळ, गार वारा, मी म्हटलं ऊन कुठाय, आणि तीन तास नदीकाठाने सायकल हाणली. सायकलच्या हेल्मेटला हवा जायला लांब लांब भोकं असतात हे डोक्यात आलंच नाही, म्हणजे डोक्याच्या आतही नाही आणि वरही नाही. घरी येऊन हेल्मेट काढलं तर टकलावर पट्टे! एक पट्टा काळा-लाल, एक मूळ रंगाचा. पोरगी तेव्हा पाच वर्षांची, बघून म्हणाली बाबा तुझं डोकं कलिंगडासारखं दिसतंय. दोन दिवस उशीला डोकं टेकवता येईना, मग पापडासारखी सालं निघाली आणि ते पट्टे पुढे दोन-अडीच महिने गेले नाहीत, ऑफिसात जो तो विचारायचा.

तेव्हा कळलं की तापणं वेगळं आणि भाजणं वेगळं. गरम होतंय का यावर जाऊच नका, यूव्ही इंडेक्स (कातडी भाजणाऱ्या अतिनील किरणांचं माप) बघा, फोनच्या वेदर ॲपमध्ये असतो. ३ किंवा त्याहून जास्त असला की डोकं झाकायचं असा इथला नियम, आणि आपल्या महाराष्ट्रात दुपारी तो वर्षभर ३ च्या वरच असतो, एप्रिल-मेमध्ये तर १० च्या पुढे जातो. ॲप नको असेल तर आपली सावली बघा, सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कडक समजायचं. आणि पुण्या-मुंबईकडे सूर्य बरोब्बर माथ्यावर १२ ला नाही, साडेबाराच्या आसपास येतो, म्हणजे तुमच्या कॉलच्या आणि जेवणाच्या मधल्या वेळेतच.

बाइकवर असता हे तुमचं नशीबच म्हणायला हवं, कारण फुल फेस हेल्मेटइतकं ऊन दुसरं काहीच अडवत नाही. (तुम्ही पुण्याचे असाल तर हे वाक्य सोडून पुढे वाचा, हेल्मेटवरून वाद नको.) प्रश्न येतो गाडी लावल्यावर, दवाखान्याबाहेर तासभर उभं राहताना. तिथे टोपी पाहिजे आणि टोपी म्हणजे क्रिकेटवाली कॅप नाही. कॅपने टाळू आणि कपाळ झाकतं, पण कान आणि मान उघडीच, आणि मागे पट्टा बांधायची ती अर्धगोल खिडकी असते ना, टकल्या माणसाच्या डोक्यावर बरोबर तेवढाच अर्धचंद्र भाजून निघतो. आजोबांची गांधी टोपी डोक्याला उत्तम पण तिला पण काठ नाही, म्हणून तर शेतात जाताना ते वरून टॉवेल गुंडाळायचे, कान-मान सगळं आत. इथे शाळेत पोरांना टोपी नसेल तर मैदानात खेळूच देत नाहीत आणि ती टोपी चांगली रुंद काठाची असते, मोठ्यांनी साडेसात सेंटिमीटर तरी काठ घ्यावा म्हणतात. कापड उजेडाला धरून बघा, पलीकडचं दिसत असेल तर ऊनही आत येणार. गवताच्या विणलेल्या टोप्यांना बऱ्याचदा हाच प्रॉब्लेम.

सनस्क्रीन टोपीच्या जोडीला, टोपीच्या ऐवजी नाही. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी (अतिनील किरणांतला भाजणारा भाग) अडवतं, ५० वालं ९८, म्हणजे आकड्यापेक्षा किती लावता याला महत्त्व जास्त, आणि आपण सगळेच फार कमी लावतो. नुसत्या डोक्याला, कान आणि मानेसकट, चहाचा चमचाभर तरी पाहिजे, मटारएवढा ठिपका चोळून काही होत नाही. पाकिटावर पीए (यूव्हीए हे दुसरे अतिनील किरण किती अडतात त्याचं माप) आणि पुढे तीन-चार अधिकची चिन्हं असलेलं घ्या. बाहेर पडायच्या वीस मिनिटं आधी लावायचं, दर दोन तासांनी परत, घाम पुसला की लगेच परत. घामाबरोबर ओघळून डोळ्यात गेलं की जी आग होते ती मी सांगत नाही, म्हणून कपाळापासून भुवयांपर्यंत मी स्टिकवालं लावतो, ते ओघळत नाही. झिंकवाल्याने आपल्या रंगावर चुना फासल्यासारखं दिसतं, तर जेलवालं किंवा टिंट असलेलं घ्या. डोकं रात्री भादरा, सकाळी नको, ताज्या वस्तऱ्यावर स्प्रे मारला तर अक्षरशः नाचाल. बाटली डिकीत ठेवू नका, उन्हाने खराब होते. खोबरेल तेलाने ऊन अडत नाही, रात्री लावा हवं तर, आईचं मन पण राहील.

आता खरं सांगायचंय ते हे, की आपलं टक्कल आपल्याला दिसत नाही. आमच्या क्लबचा विकेटकीपर, साठीला आलेला गोरा माणूस, डोकं रोज भादरणारा. एकदा बाकावर मी त्याच्या मागे बसलो होतो तर टाळूच्या जरा मागे तुरीच्या डाळीएवढी खपली दिसली. विचारलं तर म्हणाला ब्लेड लागलं. दोन महिन्यांनी परत तिथेच. अरे ब्लेड दर वेळी त्याच जागी कसं लागेल? बोट फिरवलं तर भोवतीची कातडी पॉलिश पेपरसारखी खरखरीत. शेवटी मागे लागून पाठवला, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे स्किन कॅन्सरचाच एक प्रकार, निघाला. दहा रुपयांच्या नाण्याएवढा तुकडा काढला, आणि डोक्याची कातडी ताठ असते, ओढून शिवता येत नाही, म्हणून मांडीची कातडी आणून लावली. आता ठणठणीत आहे, फक्त तिथे डोक्याला खळगा आहे आणि तो दाखवत फिरतो.

तर महिन्यातून एकदा बायकोला, आईला किंवा तुमच्या न्हाव्याला मोबाइलवर डोक्याचे फोटो काढायला सांगा, वरून, मागून, दोन्ही कानांच्या मागून, आणि मागच्या महिन्याच्या फोटोशी ताडून बघा. चार आठवड्यांत न भरणारी जखम, परत परत रक्त येणारी खपली, खरखरीत चट्टा, नवा चकचकीत काळा तीळ (आपल्या रंगात बेसल सेलवाला कॅन्सर बऱ्याचदा तिळासारखाच दिसतो), यातलं काही दिसलं की सरळ स्किनच्या डॉक्टरकडे. मलम लावून वाट बघत बसू नका. तुमचा तर धंदाच डॉक्टरांकडे जायचा, सॅम्पल देता देता डोकं पण दाखवून घ्या. आणि एकदा तळपाय आणि नखंही बघायला सांगा, सावळ्या लोकांत मेलॅनोमा (तिळासारखा दिसणारा धोकादायक स्किन कॅन्सर) झालाच तर तिथे जास्त सापडतो, जमैकाचा गायक बॉब मार्लीला पायाच्या अंगठ्यात नखाखाली झाला होता आणि १९८१ मध्ये ३६व्या वर्षी तो गेला.

राहिली केसांची भीती. सनस्क्रीनने केस जात नाहीत. कडेचे जे चार आहेत ते जाणार असतील तर बाबांच्या आणि मामाच्या डोक्याकडे बघा, तिथे लिहिलेलं असेल.