हार्ड डिस्कवरचे जुने फोटो लाइटरूम क्लासिकमध्ये (अडोबीचं फोटो सांभाळायचं आणि एडिट करायचं सॉफ्टवेअर) घ्यायचे आहेत, पण डबल कॉपी नको. काय करू?

इम्पोर्टच्या खिडकीत वर मधोमध ‘ॲड’ निवडा. ‘कॉपी’ ठेवलंत तर दुसरा संच तयार होऊन डिस्क उगाच भरते. ‘ॲड’ने फोटो जागच्या जागी राहतात, कॅटलॉगमध्ये, म्हणजे लाइटरूमच्या नोंदवहीत, जाते ती फक्त त्यांच्या पत्त्याची आणि एडिटिंगची नोंद. डावीकडे ‘इन्क्लूड सबफोल्डर्स’वर टिक हवीच. करडे दिसणारे फोटो बहुधा आधीच कॅटलॉगमध्ये असतात, त्यांची काळजी नको. प्रीव्ह्यू (फोटो पटकन दिसावेत म्हणून लाइटरूम बनवतं त्या प्रतिमा) ‘मिनिमल’ पुरेत. १:१, म्हणजे पूर्ण आकाराचे, मागितलेत तर हजारो रॉ फाइलींना (कॅमेऱ्यातल्या प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइली) तासन्‌तास लागतात.

खरी गडबड नंतर होते. विंडोज एक्सप्लोररमधून फोल्डर हलवला किंवा नाव बदललं की लाइटरूमला तो सापडत नाही. हलवायचाच तर लाइटरूमच्या फोल्डर्स पॅनेलमधूनच ओढा. आधीच हलवून बसला असाल, तर प्रश्नचिन्हाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘फाइंड मिसिंग फोल्डर’ने नवी जागा दाखवा. पुन्हा इम्पोर्ट मात्र करू नका, जुनं एडिटिंग त्या नव्या नोंदींना चिकटेलच असं नाही.