मुलगा म्हणतो आधी डिफेंडर, मग कोच : कोल्हापूरच्या एका आईला उत्तर

ताई, नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बाकीच्या पालकांनाही कळावं म्हणून थोडक्यात सांगते, मुलगा सतरा वर्षांचा, बारावी सायन्सला, पेठेतल्या एका तालमीच्या फुटबॉल टीमकडून स्टॉपर, म्हणजे गोलपुढचा मधला डिफेंडर, खेळतो, इंजिनिअरिंगला जाणार नाही म्हणतो आणि परवा त्याने तुम्हाला मोबाईलवर लिथुआनियाच्या आउरेलियस स्कारबालियसची माहिती दाखवली, की बघ आई हा पण डिफेंडरच होता, नंतर डेन्मार्कच्या मोठ्या क्लबचा मॅनेजर झाला, मी पण तसंच करणार. त्या दिवसापासून वडील त्याच्याशी धड बोलत नाहीत. आणि तुमचा प्रश्न एकच, यात पोट भरतं का.

पहिलं म्हणजे उदाहरण त्याने फार चांगलं शोधलंय. मेस्सी-रोनाल्डो नाही धरले, एक डिफेंडर धरला, तोही अशा देशातला जिथे फुटबॉल एक नंबरचा खेळ नाहीच. आपल्याकडे जसं क्रिकेट तसं तिकडे बास्केटबॉल, आणि अख्ख्या लिथुआनियाची लोकसंख्या तुमच्या कोल्हापूर जिल्ह्यापेक्षा कमी आहे. तो देश 1990 मध्ये सोव्हिएत युनियनमधून बाहेर पडला तेव्हा स्कारबालियस होता सोळा-सतरा वर्षांचा, जवळजवळ तुमच्या मुलाएवढाच. 1995 ला डेन्मार्कच्या ब्रॉन्डबी क्लबकडे गेला आणि दहाएक वर्षं तिथेच खेळला. 1996, 97, 98 अशी ओळीने तीन वर्षं ब्रॉन्डबी लीग जिंकली, 1998 ला चॅम्पियन्स लीगच्या (युरोपातल्या बड्या क्लबांची स्पर्धा) ग्रुपमध्ये बायर्न, बार्सिलोना, मँचेस्टर युनायटेड, आणि घरच्या मैदानावर त्यांनी बायर्नला 2-1 हरवलं, नंतर युनायटेडने 6-2 आणि 5-0 असं धुतलं तो भाग वेगळा.

मुलाने बहुतेक इथपर्यंतच मन लावून वाचलंय, आणि मला बोलायचंय ते याच्या पुढचं.

एवढी वर्षं मोठ्या क्लबात काढलेला माणूस, तरी कोच म्हणून त्याची सुरुवात हेरफोल्गे नावाच्या छोट्या क्लबात झाली. 2009 ला ती टीम वरच्या लीगमध्ये चढली, शेजारच्या कोगे क्लबशी जोडून एचबी कोगे असा नवीन क्लब झाला, आणि पहिल्याच सीझनला टेबलात शेवटचा नंबर, परत खाली. मग त्याच्या जुन्या ब्रॉन्डबीनेच त्याला हेड कोच केलं (तिकडे मॅनेजर म्हणजे हाच, ऑफिसातला मॅनेजर नाही), पण कधी, तर क्लबकडे पैसे संपत आलेले, दिवाळं निघतंय की काय अशी बोलणी चाललेली, आणि 2012-13 चा सीझन शेवटच्या दिवसापर्यंत रेलिगेशनच्या, म्हणजे खालच्या लीगमध्ये घसरण्याच्या, टांगत्या तलवारीखाली. वाचवली त्याने टीम. आणि वाचवल्यावर काही आठवड्यांतच त्याच्या जागी दुसरा कोच आणला.

तो दुसरा कोच म्हणजे थॉमस फ्रँक, ज्याने पुढे इंग्लंडच्या ब्रेंटफर्ड क्लबला 2021 मध्ये तिथल्या सगळ्यात वरच्या प्रीमियर लीगमध्ये नेलं. ताई, हे नाव मुलासमोर मुद्दाम काढा, कारण हा फ्रँक प्रोफेशनल फुटबॉल कधी खेळलाच नाही! विशी-पंचविशीपासून पोरांना शिकवत शिकवत डेन्मार्कच्या ज्युनियर टीम्सपर्यंत पोचला आणि तिथून ब्रॉन्डबीला. म्हणजे एकीकडे दहा वर्षं त्याच क्लबसाठी घाम गाळलेला माणूस आणि दुसरीकडे प्रो न खेळलेला, आणि खुर्ची मिळाली दुसऱ्याला. 2016 मध्ये फ्रँक सीझन अर्धा असताना सोडून गेला तेव्हा क्लबने फोन कुणाला केला, तर स्कारबालियसलाच, उरलेला सीझन सांभाळ म्हणून, आणि त्याने सांभाळला, उन्हाळ्यात परत नवीन कोच आला. मला या माणसाबद्दल खरंच आदर वाटतो, पण आईला हेही सांगायला पाहिजे की या धंद्यात चांगलं काम केलं तरी नोकरी टिकेलच असं नाही.

म्हणून "आधी खेळतो मग आपोआप कोच होतो" हे मुलाच्या डोक्यातून काढायचं. खेळणं हे एक काम आणि शिकवणं हे वेगळंच काम, त्याचं शिक्षण वेगळं, आणि ते त्याला आत्तापासून सुरू करता येतं, खेळ न सोडता. मागे एका मैदानावर मी बघितलं, चांगला नावाजलेला खेळाडू, नुकताच कोचिंगला लागलेला, आठ-नऊ वर्षांच्या पोरांना टॅकल, म्हणजे समोरच्याच्या पायातला बॉल काढून घेणं, शिकवत होता. एकदा स्वतः करून दाखवलं, झकास, आणि मग "एवढं कळत नाही का रे" म्हणून ओरडायला लागला. पाच मिनिटांत निम्मी पोरं खाली बसून फक्कीच्या रेघेवर बोटाने चित्रं काढत होती. त्याला सगळं येत होतं, फक्त सांगता येत नव्हतं.

स्टॉपरला इथे एक फायदा असतो बरं का, सगळं मैदान त्याच्या डोळ्यासमोर असतं, कोण कुठे रिकामा आहे, डिफेंडरांची लाईन कधी वर न्यायची, आणि त्याला सतत बोलावं लागतं. तर आता दर रविवारी तालमीतल्या बारक्या पोरांचा एक तास त्याच्याकडे द्या, आणि झाल्यावर वहीत लिहायचं, काय शिकवलं, कुणाला जमलं नाही, का नाही. तीन महिन्यांनी त्याचं त्यालाच कळेल की आपल्याला हे शिकवणं आवडतंय का नुसतं टीव्हीवर साईडलाईनला उभं राहणं आवडतंय.

कागदाचं सांगायचं तर एआयएफएफचे (अखिल भारतीय फुटबॉल महासंघ) कोचिंगचे लायसन्स असतात, डी, मग सी, बी, ए आणि वर प्रो, एकेक करत चढायचं, मध्ये शिकवल्याचा अनुभव लागतो, फी पण भरावी लागते. शाळेत नोकरी हवी तर बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी. पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्था) कोचिंगचा डिप्लोमा करायचा तर ग्रॅज्युएशन लागतं. म्हणजे डिग्री सोडायची नाहीच, वडिलांची निम्मी भीती इथे संपायला हरकत नाही, फक्त ती बी.टेक.च असली पाहिजे हा हट्ट मला पटत नाही. बी.एस्सी. किंवा बी.ए. करत शाहू स्टेडियमवर खेळता येतं, रविवारी शिकवता येतं. आणि शालेय स्पर्धांची सर्टिफिकेटं, जिल्हा असो की राज्य, एका फाईलला लावून ठेवा, कपाटात कोंबू नका, महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे आणि तिथे राज्य-राष्ट्रीय पातळीचं सर्टिफिकेट असेल तरच उपयोग.

पोट भरण्याचं खरं उत्तर असं की पहिली काही वर्षं नुसत्या कोचिंगवर कठीण आहे. शाळेची पीटीची नोकरी आणि संध्याकाळी अकॅडमी असं जोडून बरेच जण उभे राहतात. युरोपसारखे पगार मनात धरू नका.

वडिलांना हे पत्र वाचायला द्या आणि एका रविवारी त्यांनाच मैदानावर पाठवा, मॅच बघायला नाही, मुलगा बारक्यांना शिकवतो ते बघायला, लांब उभं राहून बघितलं तरी चालेल. बारावीचा रिझल्ट लागला की मार्क, सर्टिफिकेटांची यादी आणि ती रविवारची वही, तीनही मला पाठवा. वही नक्की पाठवा, मला सगळ्यात जास्त तीच वाचायची आहे.