जटिल संयुगे: घट्ट बंध आणि संथ बंध (वाचकांचे प्रश्न)

धातूच्या आयनाभोवती पाणी, अमोनिया, क्लोराइड किंवा सायनाइड यांसारखे रेणू अथवा आयन ठरावीक संख्येने आणि ठरावीक दिशांनी जोडले गेले की जे संयुग बनते, त्याला जटिल संयुग किंवा कोऑर्डिनेशन संयुग म्हणतात. धातूला जोडल्या गेलेल्या घटकांना लिगंड हे नाव आहे. या विषयावर आलेली पाच पत्रे येथे एकत्र घेतली आहेत. लिगंड धातूला किती घट्ट बांधला गेला आहे हा एक प्रश्न आणि तो किती वेगाने बदलला जातो हा दुसरा प्रश्न. या दोहोंची गल्लत झाली की अनेक निरीक्षणे कोड्यासारखी वाटू लागतात, आणि आलेल्या पत्रांतही ही गल्लत वारंवार डोकावते.

प्रश्न: मोरचुदाच्या फिकट निळ्या द्रावणात अमोनियाचे द्रावण थेंबाथेंबाने घातल्यावर आधी निळसर गाळ तयार होतो आणि आणखी अमोनिया घातल्यावर तो विरघळून गडद निळे द्रावण मिळते. तांबे तेच असताना रंगात एवढा फरक का पडतो? (शाळेतील विज्ञान शिक्षिका)

उत्तर: आपण पाहिलेला गाळ कॉपर हायड्रॉक्साइडचा असतो. अमोनियामुळे द्रावण अल्कधर्मी होते आणि सुरुवातीच्या थोड्या अमोनियात हायड्रॉक्साइडच बाहेर पडते. पुढे अमोनियाचे प्रमाण वाढले की अमोनियाचे रेणू स्वतःच तांब्याच्या आयनाशी जोडले जातात आणि गाळ विरघळतो. या नव्या आयनात अमोनियाचे चार रेणू तांब्याभोवती एका प्रतलात चौकोनाच्या कोपऱ्यांवर बसतात आणि पाण्याचे रेणू त्या प्रतलाच्या वर व खाली, जरा दूर राहतात.

रंगाचे कारण तांब्याच्या डी कक्षकांत, म्हणजे इलेक्ट्रॉन जेथे वावरतात अशा अणूतील ठरावीक आकाराच्या पाच जागांत, आहे. सुट्या आयनात हे पाचही कक्षक सारख्याच ऊर्जेचे असतात, परंतु लिगंड जवळ आले की त्यांच्या दिशेने रोखलेल्या कक्षकांची ऊर्जा वाढते आणि लिगंडांच्या मधल्या जागेत पसरलेल्या कक्षकांची ऊर्जा तुलनेने कमी राहते. खालच्या कक्षकातला इलेक्ट्रॉन वर जाताना त्या अंतराएवढ्या ऊर्जेचा प्रकाश शोषला जातो. पाण्यामुळे पडणारे अंतर लहान असते, त्यामुळे मोरचुदाच्या द्रावणाचे सर्वाधिक शोषण ८०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या वर्णपटाच्या बाहेर होते. लाल प्रकाशाचा केवळ थोडा भाग अडतो आणि द्रावण फिकट निळे दिसते. अमोनियामुळे हे अंतर वाढते, शोषणाचा पट्टा ६०० नॅनोमीटरच्या जवळ, म्हणजे नारिंगी प्रकाशाच्या भागात सरकतो आणि शोषणाची तीव्रताही काही पटींनी वाढते. रंग गडद होण्यामागे ही दोन्ही कारणे आहेत. मोरचूद तापवून त्यातील पाणी घालवले की तो पांढरा पडतो, त्याचेही स्पष्टीकरण हेच आहे: लिगंड बदलले, की शोषण बदलले.

हा रंग क्षणार्धात बदलतो, याकडेही विद्यार्थ्यांचे लक्ष अवश्य वेधावे. तांब्याच्या आयनाभोवतीचे पाण्याचे रेणू सेकंदाला अब्जावधी वेळा बदलले जात असतात, त्यामुळे अमोनियाला वाट पाहावी लागत नाही. याच चपळाईमुळे एक, दोन किंवा तीन अमोनिया असलेले आयन द्रावणातून वेगवेगळे काढता येत नाहीत. ते एकमेकांत सतत रूपांतरित होत राहतात. चार अमोनिया असलेल्या आयनाचे सल्फेट मात्र द्रावणावर हलकेच अल्कोहोलचा थर दिल्यास गडद निळ्या स्फटिकांच्या रूपात मिळते. ते स्फटिक उघडे ठेवू नयेत, कारण त्यांतून अमोनिया हळूहळू उडून जातो.

प्रश्न: पोटॅशियम परमँगनेटचा जांभळा रंगही असाच डी कक्षकांमुळे येतो का? (विज्ञानाचा विद्यार्थी)

उत्तर: नाही. परमँगनेटमधील मँगॅनीज अधिक सात या ऑक्सिडीकरण अवस्थेत, म्हणजे हिशेबाने सात इलेक्ट्रॉन गमावलेला, असतो आणि त्याच्याकडे एकही डी इलेक्ट्रॉन उरलेला नसतो. तेथे प्रकाश शोषला जातो तेव्हा ऑक्सिजनकडील इलेक्ट्रॉन मँगॅनीजच्या रिकाम्या कक्षकात जातो. अशा संक्रमणाला डी कक्षकांमधल्या संक्रमणावर असणारे निर्बंध लागू नसतात, म्हणूनच परमँगनेटचा एखादा कणही भांडेभर पाणी रंगवतो.

प्रश्न: आम्ही प्रयोगशाळेत कोबाल्टला सहा अमोनिया जोडलेले नारिंगी क्लोराइड बनवायला घेतले होते. कोबाल्ट क्लोराइड, अमोनियम क्लोराइड, अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड हे सर्व प्रमाणात घेतले, शेवटी संहत हायड्रोक्लोरिक आम्लासह तापवले, तरी जांभळट लाल पूड मिळाली. चूक कोठे झाली? (पदवीच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी)

उत्तर: आपण दिलेल्या यादीत सक्रिय कोळसा नाही आणि चूक तेथेच आहे. आपल्याला मिळालेला पदार्थ वाया गेलेला नाही. तो पाच अमोनिया आणि एक क्लोराइड कोबाल्टला जोडलेले संयुग आहे आणि तेही महत्त्वाचेच आहे.

या कृतीतील क्रम समजून घेण्यासारखा आहे. आपण अधिक दोन अवस्थेतील कोबाल्टपासून सुरुवात करतो, कारण त्याचे लिगंड झटपट बदलतात आणि अमोनिया त्याच्याभोवती सहज गोळा होतो. त्यानंतर पेरॉक्साइड किंवा हवा वापरून त्याचे ऑक्सिडीकरण केले की अधिक तीन अवस्थेतील कोबाल्ट तयार होतो, आणि ज्या क्षणी तो तयार होतो त्या क्षणी त्याच्याभोवती जे लिगंड असतील ते जणू जागीच थिजतात. सहावी जागा त्या वेळी पाण्याकडे असली, तर अमोनिया मुबलक असूनही ती जागा त्याला लवकर मिळत नाही. आणि नंतर संहत आम्लासह तापवल्यावर पाण्याच्या जागी क्लोराइड येऊन बसतो. सक्रिय कोळशाच्या पृष्ठभागावर ही थिजलेली अवस्था मोडते, लिगंडांची अदलाबदल वेगाने होते आणि मिश्रण सहा अमोनियांच्या अधिक स्थिर संयुगापर्यंत पोहोचते. शेवटी गरम विरल आम्लात विरघळवून कोळसा गाळून काढावा, संहत आम्ल घालावे आणि द्रावण थंड करावे. नारिंगी स्फटिक मिळतील.

आपली पूड फेकू नका. तिचे ताजे, थंड द्रावण करून त्यात सिल्व्हर नायट्रेट घाला. तीनपैकी दोनच क्लोराइड तत्काळ सिल्व्हर क्लोराइड म्हणून खाली बसतील, कारण तिसरा कोबाल्टला थेट जोडलेला आहे. नारिंगी संयुगातून मात्र तीनही खाली बसतात.

प्रश्न: क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना पाहण्याची सोय नसताना आल्फ्रेड वेर्नर यांनी सहा लिगंड अष्टफलकाच्या कोपऱ्यांवर असतात हे कशावरून ठरवले? (रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक)

उत्तर: मोजणी करून. वेर्नर यांनी १८९३ मध्ये आपली मांडणी प्रसिद्ध केली, तेव्हा कोपनहेगनचे सोफुस योर्गेनसेन या संयुगांत अमोनियाच्या साखळ्या असतात असे मानत होते. योर्गेनसेन अतिशय काटेकोर प्रयोग करत आणि वेर्नर यांच्या युक्तिवादातील बराचसा पुरावा योर्गेनसेन यांनीच तयार केलेल्या संयुगांतून आलेला आहे, हे आवर्जून नोंदवले पाहिजे. किती क्लोराइड चांदीसह खाली बसतात आणि द्रावणाची विद्युतवाहकता किती आयन दाखवते, यावरून कोणते क्लोराइड धातूला जोडलेले आणि कोणते मोकळे, हे कळत होते. जोडलेल्या घटकांची बेरीज प्रत्येक वेळी सहा येत होती.

आता सहा बिंदू एका मध्याभोवती सममितीने मांडायचे तर सपाट षट्कोन, त्रिकोणी लोलक आणि अष्टफलक असे तीन आकार विचारात घेता येतात. चार लिगंड एका प्रकारचे आणि दोन दुसऱ्या प्रकारचे असतील, तर पहिल्या दोन आकारांत तीन-तीन समघटक (तेच घटक पण वेगळी मांडणी असलेली रूपे) शक्य होतात आणि अष्टफलकात दोनच: वेगळे दोन लिगंड शेजारी किंवा समोरासमोर. प्रत्यक्षात कधीही दोनच मिळाले, एक हिरवा आणि एक जांभळा. चार अमोनिया व दोन क्लोराइड असलेला जांभळा समघटक वेर्नर यांना १९०७ मध्ये मिळाला आणि योर्गेनसेन यांनी त्यांचे म्हणणे मान्य केले.

तरीही तिसरा समघटक सापडला नाही, याचा अर्थ तो नाहीच, असे काटेकोरपणे म्हणता येत नाही. म्हणून वेर्नर यांनी असे संयुग निवडले की ज्याची आरशातील प्रतिमा अष्टफलकाच्या मांडणीत मूळ आकृतीवर तंतोतंत बसू शकत नाही, आणि १९११ मध्ये त्यांचे विद्यार्थी व्हिक्टर किंग यांनी ध्रुवित प्रकाशाला उलटसुलट वळवणारी त्याची दोन रूपे वेगळी केली. त्या संयुगातील इथिलीनडायअमिनमध्ये कार्बन होता, त्यामुळे हा परिणाम कार्बनचा असावा अशी शंका काढता येत होती. १९१४ मध्ये वेर्नर यांनी ज्यात कार्बनचा एकही अणू नाही असे चार कोबाल्ट अणूंचे संयुग घेऊन तोच परिणाम दाखवला आणि ती शंकाही मिटली. त्यांना नोबेल पारितोषिक आधीच, १९१३ मध्ये, मिळाले होते.

माझ्या मते या कथेतला सर्वांत कमी सांगितला जाणारा भाग कोबाल्टच्या संथपणाचा आहे. तांब्याप्रमाणे कोबाल्टचे लिगंडही क्षणोक्षणी बदलत असते, तर हिरवा आणि जांभळा समघटक बाटलीत वेगळे राहिलेच नसते आणि मोजायला काही उरले नसते.

प्रश्न: एकाच पुस्तकात सहा अमोनियांचा कोबाल्ट आयन आम्लात “अस्थिर” आहे असे लिहिले आहे आणि त्याचे आम्लधर्मी द्रावण दिवसेंदिवस टिकते असेही लिहिले आहे. दोन्ही कसे खरे असेल? आणि कर्करोगावरील सिसप्लॅटिनचा याच्याशी काही संबंध आहे का? (औषधनिर्माणशास्त्राचा विद्यार्थी)

उत्तर: दोन्ही विधाने खरी आहेत, कारण पहिले विधान अभिक्रिया कोठे जाऊन थांबेल हे सांगते आणि दुसरे ती तेथे किती काळाने पोहोचेल हे सांगते. आम्लात अमोनियाचे अमोनियम होण्याकडे इतका ओढा असतो की त्या विघटनाचा समतोलांक (अभिक्रिया शेवटी कोणत्या बाजूला किती झुकेल ते सांगणारा आकडा) १० च्या २० व्या घाताएवढा प्रचंड येतो. तरीही तेथवर जाण्याची वाट उंच घाटातून जाते. याच्या उलट चार सायनाइड असलेला निकेलचा आयन पाहा. तो विलक्षण घट्ट बांधलेला आहे, परंतु द्रावणात किरणोत्सारी कार्बनने चिन्हांकित केलेले सायनाइड घातले तर मिनिटभराच्या आत जुन्या-नव्या सायनाइडची अदलाबदल होते. क्रोमियमच्या सहा सायनाइडांच्या आयनात याच अदलाबदलीचा अर्धायुकाल सुमारे २४ दिवसांचा आहे. हेन्री टाऊबे यांनी १९५२ मध्ये हा भेद स्पष्टपणे मांडला आणि त्याचा संबंध डी इलेक्ट्रॉनांच्या मांडणीशी जोडला. इलेक्ट्रॉन संक्रमणाच्या अभिक्रियांवरील कार्यासाठी त्यांना १९८३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. क्रोमियमचे तीन किंवा कोबाल्टचे सहा डी इलेक्ट्रॉन लिगंडांच्या मधल्या कक्षकांत नीट सामावलेले असतात. लिगंड सुटताना किंवा नवा आत शिरताना ही सोयीची मांडणी बिघडते, आणि ती बिघडवण्याची किंमत म्हणजेच तो घाट होय.

सिसप्लॅटिन याच संथपणावर चालते. त्यात प्लॅटिनमभोवती चौकोनी प्रतलात दोन अमोनिया आणि दोन क्लोराइड शेजारी-शेजारी असतात. रक्तात क्लोराइड भरपूर असल्याने रेणू बराचसा अखंड राहतो. पेशीत क्लोराइड कमी असल्याने काही तासांच्या ओघात क्लोराइड सुटून पाणी जोडले जाते आणि मग प्लॅटिनम डीएनएमधील लगतच्या दोन ग्वानिनांना (डीएनएच्या चार मूळ घटकांपैकी एक) धरून त्याची साखळी वाकवतो. बदल क्षणात झाला असता तर औषध वाटेतच संपले असते, आणि झालाच नसता तर त्याचा उपयोग नव्हता.

हे संयुग मिकेले पेरोने यांनी १८४४ मध्ये प्रथम बनवले. बार्नेट रोझेनबर्ग यांना १९६५ मध्ये प्लॅटिनमच्या विद्युतअग्रांमुळे जिवाणूंचे विभाजन थांबलेले दिसले, त्यातून त्याचा औषधी गुण पुढे आला आणि अमेरिकेत त्याला १९७८ मध्ये मान्यता मिळाली. ते बनवतानाही हाच संथपणा हाताशी येतो. क्लोराइड आपल्या समोरच्या लिगंडाला अमोनियापेक्षा अधिक सैल करतो. त्यामुळे चार क्लोराइडांच्या प्लॅटिनम आयनात अमोनिया घातला, तर दुसरा अमोनिया क्लोराइडच्या समोरची, म्हणजेच पहिल्या अमोनियाच्या शेजारची जागा घेतो आणि सिसप्लॅटिन मिळते. उलट चार अमोनियांच्या आयनापासून सुरुवात करून क्लोराइड घातले, तर दुसरा क्लोराइड पहिल्याच्या समोर बसतो आणि ट्रान्स समघटक मिळतो, ज्याला दोन लगतची ग्वानिने एकाच वेळी धरता येत नाहीत. आयोडाइड समोरच्या लिगंडाला क्लोराइडहूनही सैल करतो, म्हणून एस. सी. धारा यांनी १९७० मध्ये दिलेल्या पद्धतीत आधी चारही क्लोराइड काढून आयोडाइड बसवतात, मग अमोनिया घालतात, त्यानंतर चांदीच्या क्षाराने आयोडाइड काढून शेवटी क्लोराइड परत जोडतात. पायऱ्या वाढतात, पण उत्पादन शुद्ध मिळते.