पाठ सगळं, पण ऐनवेळी बोबडी वळते

प्रश्न: ताई, सिडकोत राहतो, सोमवारी अंबडला नेटवर्क इंजिनिअरचा इंटरव्ह्यू आहे. ओएसआय या नेटवर्क मॉडेलचे ७ लेयर पाठ आहेत पण मागच्या वेळी ‘पीसीवर १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी का दिसतो’ विचारलं नि मी गप्पच.

उत्तर: अरे, डीएचसीपीकडून, म्हणजे आपोआप आयपी वाटणाऱ्या सेवेकडून, पत्ता मिळाला नाही म्हणून मशीनने स्वतःच घेतला, एवढंच! मग कारण शोधायला केबल, स्विचचा पोर्ट, व्हीलॅन (स्विचवर पाडलेलं वेगळं नेटवर्क), शेवटी सर्व्हर, असं खालून वर मोठ्याने बोलत जा, त्यांना तुझं डोकं कसं चालतं तेच बघायचं असतं. पॅकेट ट्रेसर हे नेटवर्कच्या सरावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात डीएचसीपी सर्व्हरची केबल मुद्दाम काढ नि पीसीवर काय येतं बघ. सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कचे छोटे भाग पाडणं, मात्र कागदावरच, स्लॅश २६ आकाराचा भाग म्हणजे ६४ पत्ते, दोन राखीव, वापरायला ६२, हे चहा पिता पिता सुचलं पाहिजे.